म्यूऑन कोणता, गॅमा कोणता? विश्वकिरणांच्या डिटेक्टरबद्दल वाचकांचे प्रश्न

या खेपेला खानापूरपासून कारवारपर्यंतच्या पत्रांचा रोख एकच आहे. डिटेक्टर बांधला, आकडे पडू लागले. पण पडलेला आकडा म्यूऑनचाच कशावरून? (अवकाशातून येणारे वेगवान कण, म्हणजे विश्वकिरण, हवेवर आदळले की निघणारा, इलेक्ट्रॉनसारखा पण बराच जड कण म्हणजे म्यूऑन.) बहुतेकांची जुळणी सारखी आहे. कण गेला की चमकणारी प्लास्टिक सिंटिलेटरची पट्टी, ती चमक टिपून विजेचा क्षणिक ठोका, म्हणजे पल्स, देणारा, तिला चिकटवलेला सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (पुढे याला एसआयपीएम म्हटले आहे), पल्सची उंची क्षणभर धरून ठेवणारे सर्किट आणि आकडे नोंदवणारा आर्डुइनो हा छोटा संगणक-बोर्ड. उत्तरे याच जुळणीला धरून दिली आहेत.

प्रश्न : आमच्या पीयू कॉलेजात ५ × ५ सेंटिमीटरच्या, १ सेंटिमीटर जाडीच्या दोन पट्ट्यांचे दोन डिटेक्टर आहेत. पुस्तकात चौरस सेंटिमीटरला मिनिटाला एक म्यूऑन असे दिले आहे, म्हणजे आम्हाला मिनिटाला पंचवीस मिळायला हवेत. प्रत्यक्षात सेकंदाला तीन-चार पल्स येतात. पल्सच्या उंचीचा आलेख काढला तर म्यूऑनचा वेगळा उंचवटा दिसतच नाही, नुसता उतार दिसतो. थ्रेशोल्ड (ज्या उंचीखालच्या पल्स मोजायच्या नाहीत ती मर्यादा) कितीवर ठेवावा?
— भौतिकशास्त्राच्या शिक्षिका, खानापूर

उत्तर : थ्रेशोल्ड वरखाली करून हे सुटणार नाही. अडचण पट्टीच्या जाडीत आहे.

वेगवान म्यूऑन प्लास्टिकमधून जाताना दर सेंटिमीटरला साधारण २ एमईव्ही, म्हणजे वीस लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सोडतो. तुमच्या पट्टीत तो एवढीच सोडणार. आता खोलीतल्या गॅमा किरणांकडे पाहा. विटा, माती, सिमेंट यांतल्या पोटॅशियम-४० चा गॅमा १.४६ एमईव्हीचा असतो आणि थोरियमच्या साखळीतल्या थॅलियम-२०८ चा २.६१ एमईव्हीचा. प्लास्टिक हलक्या अणूंचे असल्यामुळे गॅमा त्यात सगळी ऊर्जा टाकत नाही; इलेक्ट्रॉनला धक्का देऊन उरलेली ऊर्जा घेऊन निघून जातो. त्या धक्क्याची कमाल मर्यादा पोटॅशियमसाठी १.२४ आणि थॅलियमसाठी २.३८ एमईव्ही येते. म्हणजे गॅमाच्या उताराचे टोक म्यूऑनच्या २ एमईव्हीच्या पुढे जाते, आणि म्यूऑनचा उंचवटा त्या उतारात बुडून राहतो. तुमचा आलेख बरोबर आहे. त्यातून जे निघू शकत नाही ते त्याच्याकडे मागितले जाते आहे, इतकेच.

तुमच्याकडे दोन डिटेक्टर आहेत, हे फार बरे झाले. ते एकावर एक, मध्ये १० सेंटिमीटर अंतर ठेवून बसवा आणि दोघांत एकाच वेळी पल्स आली तरच वरच्याची उंची नोंदवा. गॅमा दोन्ही पट्ट्यांत खूण ठेवून जाण्याची शक्यता फार थोडी. या मांडणीत मिनिटाला दोन-तीनच नोंदी होतील, तेव्हा धीर धरा. एका दिवसात तीन-साडेतीन हजार जमतात आणि उंचवटा स्पष्ट वर येतो. तो मिळाला की त्याच्या शिखराच्या साधारण निम्म्यावर थ्रेशोल्ड ठेवा.

हा उंचवटा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. डावीकडे तो झटकन चढतो, उजवीकडे लांब शेपटी सोडतो. पातळ थरातल्या ऊर्जाक्षयाचा हा स्वभावच आहे, त्याला लांडाउ वितरण म्हणतात. त्यामुळे सरासरी काढू नका, शेपटी तिला ओढून नेते. शिखराची जागा घ्या. तिरप्या म्यूऑनची वाटही लांबते. उभ्या रेषेशी ३० अंशांचा कोन असेल तर १५ टक्क्यांनी. दोन पट्ट्यांतले अंतर वाढवले की उंचवटा अरुंद होतो, पण नोंदी कमी होतात.

आर्डुइनोचा ॲनालॉग इनपुट ० ते १०२३ एवढेच आकडे देतो, हेही ध्यानात असू द्या. अँप्लिफायरचा गेन (तो पल्स किती पट मोठी करतो ते प्रमाण) जास्त असला की मोठ्या पल्स सगळ्या १०२३ वर जाऊन साचतात आणि तिथे एक उंचवटा तयार होतो. त्यालाच म्यूऑनचे शिखर समजण्याची चूक सहज होते. गेन असा ठेवा की खरे शिखर २५० ते ३५० च्या आसपास पडेल.

पुढे नवी पट्टी घ्यायची वेळ आली तर २.५ सेंटिमीटर जाडीची घ्या. तिच्यात म्यूऑन सुमारे ५ एमईव्ही सोडतो, गॅमाचे टोक २.३८ वरच थांबते, आणि एकट्या डिटेक्टरवरही दोघे वेगळे दिसतात. कडा घासायला ६०० पासून १५०० पर्यंतचा पाण्याचा पॉलिश पेपर चालतो. थिनर, ॲसिटोन मात्र जवळही आणू नका. प्लास्टिकवर केसासारख्या चिरा पडतात आणि प्रकाश तिथेच अडकतो. बोटांचा तेलकटपणाही तेच करतो, म्हणून हातमोजे घाला.

प्रश्न : रात्री अकरानंतर आमचे आकडे शांत असतात. सकाळी गल्लीतले यंत्रमाग सुरू झाले की दोन्ही डिटेक्टरवर एकदम पल्स येतात आणि 'म्यूऑन' दुप्पट होतात. दोन डिटेक्टर एकाच वेळी बोलले तरच मोजतो, तरीही असे का?
— बीएस्सीचा विद्यार्थी, वडगाव, बेळगाव

उत्तर : एकाच वेळी पल्स येण्याची कारणे तीन: एकच कण दोन्हींतून गेला, दोन वेगळे कण योगायोगाने एकत्र आले, किंवा बाहेरचा विजेचा झटका दोन्ही तारांत शिरला. तुमचे तिसरे दिसते, पण आधी दुसरे हिशेबाने बाद करू.

योगायोगाच्या नोंदींचा दर काढायला दोन्ही डिटेक्टरचे दर एकमेकांशी गुणायचे, त्याला वेळेच्या खिडकीने (जेवढ्या वेळात आलेल्या पल्स 'एकाच वेळी' मानायच्या त्या काळाने) गुणायचे आणि आलेल्या उत्तराची दुप्पट करायची. सेकंदाला ४ आणि ४ पल्स, खिडकी १ मायक्रोसेकंद, तर दिवसाला तीनदेखील होत नाहीत. पण आर्डुइनोच्या प्रोग्रॅममध्ये एक चॅनेल वाचून मग दुसरे वाचायचे असेल तर खिडकी सहज १०० मायक्रोसेकंदांची होते आणि त्याच नोंदी दिवसाला सुमारे २७५ वर जातात. त्यात कुणी 'जास्त आकडे मिळावेत' म्हणून थ्रेशोल्ड खाली आणून दर ४० वर नेला, तर दोन्ही दर दहापट झाल्याने योगायोग शंभरपट होतात: दिवसाला सत्तावीस हजारांवर. खरे म्यूऑन तीन-साडेतीन हजारच. म्हणून 'एकाच वेळी' हे प्रोग्रॅममध्ये ठरवू नका. दोन्ही कंपॅरेटरचे (पल्स थ्रेशोल्डच्या वर गेली की सिग्नल देणाऱ्या चिपचे) आउटपुट १०० ते २०० नॅनोसेकंद रुंदीचे करून ७४एचसी०८ सारख्या अँड गेटमध्ये (दोन्ही सिग्नल एकदम आले तरच उत्तर देणाऱ्या चिपमध्ये) घाला आणि आर्डुइनोला फक्त गेटचे उत्तर मोजू द्या.

आता यंत्रमागाचे. मोटर सुरू-बंद होताना स्टार्टरमध्ये ठिणगी पडते. तिचा झटका वायरिंगमधून आणि हवेतूनही येतो. घरात बोअरची मोटर असेल तर तीही हेच करते. यावर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे आंधळे चॅनेल. तसाच एसआयपीएम, तसेच सर्किट, तेवढीच तार. फक्त त्याला सिंटिलेटर लावायचा नाही, काळ्या टेपने पूर्ण झाकून त्याच डब्यात ठेवायचा. म्यूऑन त्याला जवळजवळ दिसत नाही, विजेचा झटका मात्र तितकाच दिसतो. आंधळे चॅनेल बोलले त्या क्षणाची नोंद रद्द करायची. खर्च एका चॅनेलचा. पण त्याशिवाय यंत्रमागांच्या गल्लीत काढलेल्या आकड्यांवर विसंबू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जोडीला नोंदींमधल्या वेळेचा आलेख काढा. म्यूऑन स्वैर येतात, त्यामुळे लहान अंतरे जास्त आणि मोठी कमी असा गुळगुळीत उतार मिळतो. त्यात १० किंवा २० मिलिसेकंदांच्या पटीत टोके दिसली, तर ती ५० हर्ट्‌झच्या विजेची सही समजा. डबा पत्र्याचा, अर्थिंग एकाच जागी, तारा आखूड आणि शील्ड असलेल्या. पॉवर बँकेवर चालवून पाहायचे असेल तर एक काळजी घ्या: बऱ्याच पॉवर बँका करंट कमी असला की आपोआप बंद पडतात, आणि सकाळी उठून पाहावे तर नोंद मध्यरात्रीच थांबलेली असते.

प्रश्न : पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या डिटेक्टरचे म्यूऑनचे शिखर दुपारी डावीकडे सरकते. डिटेक्टर खराब झाला का?
— येळ्ळूर

उत्तर : नाही, तापला आहे. एसआयपीएम ज्या व्होल्टेजला पल्स द्यायला सुरुवात करतो ते व्होल्टेज उष्णतेबरोबर वाढते. साडेचोवीस व्होल्टच्या आसपास सुरू होणाऱ्या, सहा मिलिमीटरच्या प्रचलित प्रकारात ही वाढ दर अंशाला सुमारे २१.५ मिलिव्होल्ट असते. पत्र्याखाली पहाट ते दुपार १५ अंशांचा फरक पडला तर ही पातळी ०.३२ व्होल्टने वर जाते. तुम्ही दिलेले व्होल्टेज तेच राहिल्याने वरचे 'जादा' व्होल्टेज तेवढे घटते. ते मुळात ५ व्होल्ट असेल तर पल्स साधारण साडेसहा टक्क्यांनी खुजी होते. अडीच व्होल्टच असेल तर तेरा टक्क्यांनी. थ्रेशोल्ड शिखराच्या जवळ असेल तर दुपारी म्यूऑन 'कमी' होतात, आणि ते सूर्याशी जोडण्याचा मोह होतो.

एसआयपीएमला टेकवून एक तापमापक बसवा आणि प्रत्येक नोंदीबरोबर तापमान लिहा. व्होल्टेज आपोआप बदलणारे सर्किट जमले तर उत्तम; न जमल्यास दर दोन तासांच्या नोंदींतून शिखर काढून त्या प्रमाणात थ्रेशोल्ड नंतर हिशेबात सुधारा. त्यासाठी मूळ उंची जपून ठेवलेली हवी. नुसते 'हो-नाही' साठवले असेल तर मागे जाता येत नाही. उष्णतेने एसआयपीएमच्या आपोआप येणाऱ्या पल्सही वाढतात, पण त्या अगदी लहान असतात. निम्म्या शिखरावरच्या थ्रेशोल्डपर्यंत त्या पोचत नाहीत.

प्रश्न : म्यूऑन आणि इलेक्ट्रॉन वेगळे करायला मध्ये शिसे ठेवा असे सगळीकडे वाचतो. शिसे महाग, विषारी. आमच्या इथे उद्यमबागेत फाउंड्र्यांतून बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) प्लेटा मिळतात. त्या चालतील का? किती जाड?
— इंजिनिअरिंगचे दोन विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : चालतील, आणि विद्यार्थ्यांनी हाताळायला शिशापेक्षा बीडच बरे. फक्त जाडीचा हिशेब वेगळा आहे.

इलेक्ट्रॉन जड पदार्थात शिरला की गॅमा सोडतो, गॅमातून नवी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी निघते (पॉझिट्रॉन म्हणजे धन भाराचा इलेक्ट्रॉन), आणि अशी वर्षावाची साखळी ऊर्जा संपेपर्यंत चालते. होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ साली याच साखळीचे गणित मांडले. साखळीचे पाऊल किती लांब, ते पदार्थावर ठरते. शिशात ०.५६ सेंटिमीटर, शुद्ध लोखंडात १.७६, बिडाची घनता थोडी कमी असल्याने त्यात सुमारे १.९. म्हणजे १० सेंटिमीटर शिशात अठरा पावले होतात, तेवढ्याच बिडात पाचच्या जरा वर. म्यूऑन इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट जड, म्हणून तो असा वर्षाव करत नाही; १० सेंटिमीटर बिडातून सुमारे १०० एमईव्ही मोजून देतो आणि सरळ निघून जातो.

पाच पावले पुरतात का? समुद्रसपाटीला उभ्या दिशेने येणाऱ्या, १० एमईव्हीच्या वरच्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचा दर चौरस मीटरला, सेकंदाला, एकक घनकोनात सुमारे ३० आहे. १०० एमईव्हीच्या वर तो ६ वर येतो आणि १००० च्या वर ०.२ वर. म्हणजे पाचांतले चार इलेक्ट्रॉन १०० एमईव्हीच्या आतले, आणि त्यांच्यासाठी १० सेंटिमीटर बीड पुरेसे आहे. उरलेल्यांपैकी काहींचा वर्षाव खालून बाहेर पडेल, हे मान्य करून चालायचे. २० × २० सेंटिमीटरच्या, अडीच सेंटिमीटर जाडीच्या चार प्लेटा घ्या. एकीचे वजन सव्वासात किलोच्या आसपास, एकूण २९ किलो. लोखंडी अँगलची चौकट हवी. टेबलाच्या फळीवर हा ढीग ठेवू नका.

मांडणी अशी: वर दोन डिटेक्टर, त्यांना अ आणि ब म्हणू, मग बीड, खाली क. अ, ब, क तिन्ही बोलले तर म्यूऑन. अ आणि ब बोलले, क गप्प राहिला, तर इलेक्ट्रॉन किंवा मंद म्यूऑन. इथे एक चूक जवळजवळ सगळ्यांकडून होते. क लहान असला की तिरपा म्यूऑन बीड पार करूनही क च्या बाजूने निसटतो, आणि तो इलेक्ट्रॉनच्या खात्यात जमा होतो. म्हणून क ची पट्टी अ-ब मधून आखलेल्या सगळ्या रेषा झाकेल एवढी मोठी हवी. शिवाय प्रयोग आधी बिडाशिवाय, पण तीच अंतरे ठेवून, दोन दिवस चालवा. तेव्हाही क शंभरातून पाच-दहा वेळा गप्प राहीलच. ही गळती नंतरच्या आकड्यातून वजा केल्याशिवाय 'इतके टक्के इलेक्ट्रॉन' असे लिहू नका.

एकाच पातळ प्लेटवर थांबूही नका. एक-दोन सेंटिमीटर शिसे ठेवल्यावर खालच्या डिटेक्टरांत एकदम येणारे कण कमी होण्याऐवजी वाढतात, हे ब्रुनो रॉसी यांनी १९३० च्या दशकातच दाखवले. अडीच सेंटिमीटर बीड याच टप्प्यात येते: इलेक्ट्रॉन वर शिरतो एक, खाली निघतात दोन-तीन. पण याचा उपयोग करून घेता येतो. पहिल्या प्लेटच्या खाली आणखी एक पट्टी सरकवा आणि तिची पल्स मोजा. म्यूऑन तिथेही एकाच म्यूऑनची उंची दाखवतो, इलेक्ट्रॉन दुप्पट-तिप्पट. म्हणजे ओळखीच्या खुणा दोन झाल्या: पहिल्या प्लेटनंतर फुगला का, आणि चारही प्लेटांनंतर उरला का. दोन्हींचे उत्तर जुळले तरच नाव द्यावे. आमच्या मते घरगुती डिटेक्टरवर सगळ्यात जास्त फरक पाडणारी सुधारणा हीच आहे.

प्लेट मध्ये घालण्याची युक्ती जुनीच आहे. कार्ल अँडरसन यांनी १९३२ मध्ये मेघपेटीत (कणाचा माग धुक्याच्या रेषेसारखा दाखवणाऱ्या पेटीत) ६ मिलिमीटर शिशाची पट्टी आडवी ठेवली. कण ६३ एमईव्हीने शिरला, २३ ने निघाला. ज्या बाजूला माग जास्त वळला त्या बाजूला तो बाहेर पडला, हे ठरले. दिशा कळली म्हणून चुंबकी क्षेत्रातल्या वळणावरून भार धन ठरला. आणि माग प्रोटॉनला शक्य नसेल इतका लांब होता. पॉझिट्रॉन असा ओळखला गेला.

प्रश्न : तुमचे आकडे समुद्रसपाटीचे. बेळगावचा आणि आमचा हिशेब एकच का?
— कारवार

उत्तर : अगदी एक नाही, आणि घाटाच्या वर-खाली राहणाऱ्यांना ही एक आयती संधी आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. उंची वाढली की इलेक्ट्रॉन झपाट्याने वाढतात, म्यूऑन सावकाश. तेव्हा वरची अ-ब-क मांडणी तशीच्या तशी उचलून आठवडाभर कारवारला आणि आठवडाभर बेळगावला चालवा. बिडात अडकणाऱ्यांचे प्रमाण बेळगावात जास्त यायला हवे. हवेचा दाब दर तासाला लिहून ठेवा, कारण दाब चढला की दोन्हींचे दर उतरतात. आणि दोन्हीकडे छप्पर सारखे असू द्या. स्लॅबखाली आणि कौलांखाली मोजलेल्या आकड्यांची तुलना होत नाही.

प्रश्न : दोन किलोच्या सिंटिलेटरमध्ये थांबलेल्या म्यूऑनचे आयुष्य मोजले. पुस्तकात २.२ मायक्रोसेकंद, आमचे १.७ येते. कुठे चुकले?
— चिकोडी

उत्तर : पुस्तकातला २.१९७ हा आकडा मोकळ्या म्यूऑनचा आहे. पदार्थात थांबलेला ऋण म्यूऑन अणूच्या गाभ्याजवळ ओढला जातो आणि कधी कधी विघटनापूर्वीच गिळला जातो. कार्बनमध्ये ऋण म्यूऑनचे सरासरी आयुष्य २.०३ मायक्रोसेकंद, ॲल्युमिनियममध्ये फक्त ०.८६. येणाऱ्या म्यूऑनांत धन-ऋणाचे प्रमाण साधारण १.२७ ला १. त्यामुळे प्लास्टिकमध्ये दोघांचे मिळून उत्तर २.१२ च्या आसपास यायला हवे. १.७ हे त्याहून बरेच खाली आहे.

उत्तर खाली ओढणारे नेहमीचे कारण म्हणजे मागाहून येणारी खोटी पल्स. फोटोमल्टिप्लायर नळी असो की एसआयपीएम, मोठ्या पल्सनंतर काही काळ त्यातून लहान प्रतिध्वनी येत राहतात, आणि त्यांना विघटनाचा इलेक्ट्रॉन समजले की आलेखाच्या सुरुवातीला गर्दी होते. दोन गोष्टी करा. पहिल्या एका मायक्रोसेकंदातल्या नोंदी हिशेबातून काढून पाहा. उत्तर वर सरकले तर कारण सापडले. दुसरे, दुसऱ्या पल्सला वेगळा, उंच थ्रेशोल्ड लावा. विघटनाच्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा ५२.८ एमईव्हीपर्यंत असते, त्यामुळे त्याची पल्स चांगली मोठी असते, प्रतिध्वनीची नसते.

याच्या उलट, १५-२० मायक्रोसेकंदांनंतर दिसणारी सपाट पातळी वजा केली नाही तर उत्तर २.५ च्या पुढेही जाते. एखाद्याच्या मोजणीत दोन्ही चुका एकत्र होतात आणि उत्तर बरोबर २.२ येते. तसे उत्तर जास्त धोक्याचे, कारण मग कुणी तपासत नाही. आर्डुइनोचा साधा घड्याळ-फंक्शन ४ मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांनी चालतो, तो इथे निरुपयोगी. त्याच चिपचा इनपुट कॅप्चर (पल्स येताच वेळ टिपणारी सोय) ६२.५ नॅनोसेकंदांची पायरी देतो, ती पुरते. एवढ्या प्लास्टिकमध्ये मिनिटाला साधारण एक विघटन मिळते. दहा हजार नोंदींना, म्हणजे एक टक्का अचूकतेला, आठवडा लागतो.

ओळखीच्या दृष्टीने सांगायचे तर याहून पक्की खूण नाही. पल्सच्या उंचीवरून 'बहुधा म्यूऑन' म्हणता येते. थांबून दोन-अडीच मायक्रोसेकंदांनी इलेक्ट्रॉन सोडणारा कण म्यूऑनच.

प्रश्न : शाळेच्या मेघपेटीत जाड-आखूड रेषा जास्त दिसतात. ते विश्वकिरण का?
— निपाणी

उत्तर : नाही. ते अल्फा कण, हवेतल्या रेडॉन वायूपासून आणि त्याच्या साखळीतून आलेले. हवेत त्यांची धाव तीन ते सात सेंटिमीटर. बारीक, सरळ, पेटी आरपार जाणारी रेषा म्यूऑनची असण्याची शक्यता जास्त. बारीक पण वळणावळणाची, मध्येच वाकडी होणारी रेषा कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनची. बंद खोलीत रेडॉन साचतो, तेव्हा तासभर खिडक्या उघड्या ठेवून मग पेटी लावली की फरक दिसेल. आणि कोरड्या बर्फाला, जो उणे ७८ अंशांवर असतो, मुलांना उघड्या हाताने शिवू देऊ नका.

प्रश्न : मोठ्या प्रयोगांत प्रोटॉन, लोखंडाचे केंद्रक आणि गॅमा कसे वेगळे करतात? मूळ कण तर वर हवेतच फुटलेला असतो.
— निवृत्त शिक्षक, बेळगाव

उत्तर : फुटल्यावर काय काय खाली आले, त्याच्या प्रमाणावरून. केंद्रक हवेवर आदळले की पायॉन नावाचे अल्पायुषी कण निघतात आणि पायॉनांपासून म्यूऑन. गॅमाचा वर्षाव मुख्यतः इलेक्ट्रॉन आणि गॅमांचा, त्यात म्यूऑन फार थोडे. त्याच ऊर्जेच्या लोखंडाच्या वर्षावात प्रोटॉनच्या वर्षावापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त म्यूऑन असतात, कारण त्यातली ५६ न्यूक्लिऑन (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन) वेगवेगळी, प्रत्येकी कमी ऊर्जेने फुटल्यासारखी वागतात. तेव्हा दोन वेगळी मापे हवीत: एकूण कण किती, आणि त्यांत म्यूऑन किती.

उटीजवळ, सुमारे २२०० मीटर उंचीवर, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ प्रयोग हेच करतो. एकमेकांपासून ८ मीटरवर मांडलेले सुमारे ४०० सिंटिलेटर डिटेक्टर एकूण कण मोजतात. शेजारी ५६० चौरस मीटरचा म्यूऑन डिटेक्टर आहे: ६ मीटर लांबीच्या, १० × १० सेंटिमीटर छेदाच्या ३७१२ वायुनळ्या, चार थरांत, आणि वर दोन मीटर काँक्रीट. उद्यमबागेतल्या बिडाचे काम तिथे काँक्रीट करते. सुमारे १००० एमईव्हीच्या खालचा उभा म्यूऑन त्यातून उतरतच नाही. थर आलटून-पालटून काटकोनात असल्याने म्यूऑनची सरळ वाटही आखता येते.

अर्जेंटिनातल्या पिएर ओझे वेधशाळेने वेगळी वाट घेतली. तिच्या प्रत्येक टाकीत १२ टन शुद्ध पाणी, खोली १.२ मीटर. म्यूऑन ती खोली पार करतो आणि ठरावीक, मोठा चेरेन्कोव्ह प्रकाश (पाण्यातल्या प्रकाशाहून वेगाने जाणाऱ्या भारित कणामुळे निघणारा प्रकाश) देतो. इलेक्ट्रॉन आणि गॅमा आपापल्या ऊर्जेइतकाच देऊन तिथेच संपतात. पण एका टाकीतून दोघांची बेरीजच बाहेर येते. ती सोडवायला अलीकडच्या सुधारणेत टाक्यांवर सिंटिलेटर बसवले गेले. पातळ सिंटिलेटर इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन दोघांनाही साधारण सारखेच मोजतो, पाणी म्यूऑनला झुकते माप देते. एकाच वर्षावाची दोन वेगळी मापे, म्हणजे दोन समीकरणे आणि दोन अज्ञात.

आपल्याच राज्यातले उदाहरण घ्यायचे तर कोलारच्या सोन्याच्या खाणींचे. तिथे सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर १९६५ मध्ये वातावरणीय न्यूट्रिनोंच्या (विश्वकिरणांमुळे हवेत निर्माण होणाऱ्या, खडकातूनही जवळजवळ न अडता जाणाऱ्या कणांच्या) खुणा सापडल्या. एवढ्या खडकाखाली वरून येणारे म्यूऑन जवळजवळ संपतात. जो म्यूऑन आडवा येतो तो जवळच्याच खडकात न्यूट्रिनोपासून जन्मलेला. तिथे ओळख दिशेवरून झाली.

प्रश्न : आमच्याकडे चार डिटेक्टरांच्या पल्सच्या उंचीचा महिन्याभराचा डेटा आहे. न्यूरल नेटवर्कने म्यूऑन, इलेक्ट्रॉन, गॅमा वेगळे करायचे आहेत. ९८ टक्के अचूकता मिळते. प्रोजेक्टमध्ये तसे लिहावे का?
— इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : अजून लिहू नका. आधी हे सांगा की नेटवर्कला 'हा म्यूऑन' हे कुणी शिकवले? बीड पार केलेल्या अ-ब-क नोंदी म्यूऑन म्हणून दिल्या असतील तर ठीक. पण मग क ची पल्स नेटवर्कच्या इनपुटमध्ये असता कामा नये, नाहीतर ते उत्तर पाहूनच उत्तर देते.

दुसरी तपासणी दिवसांची. म्यूऑनच्या नोंदी एका आठवड्यात आणि गॅमाच्या दुसऱ्या आठवड्यात घेतल्या असतील, तर नेटवर्क कण ओळखायला न शिकता तापमान ओळखायला शिकते. डेटाची सरमिसळ करून विभागणी केली की ही चूक लपते. काही पूर्ण दिवस बाजूला ठेवा आणि फक्त त्यांच्यावर तपासा. ९८ चे ८० झाले तर खरा आकडा ८०. शिवाय एका आकड्याने भागत नाही. शंभर म्यूऑनांतले किती पकडले आणि 'म्यूऑन' म्हटलेल्या शंभरांत खरे किती, हे दोन्ही लिहा. आणि नुसत्या थ्रेशोल्डने हेच आकडे किती येतात, तेही शेजारी द्या. साध्या थ्रेशोल्डने तितकेच येत असेल तर तोच वापरा.

तिसरी तपासणी निसर्गाकडून करून घ्या. सगळी मांडणी एका फळीवर घट्ट बांधा आणि फळी तिरपी करा. म्यूऑनचा दर उभ्या दिशेशी केलेल्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाप्रमाणे घटतो: ४५ अंशांना निम्मा, ६० अंशांना पाव. भिंतीतून येणाऱ्या गॅमांना या कोनाचे सोयरसुतक नाही. नेटवर्कने म्यूऑन म्हटलेल्या नोंदी ६० अंशांवर पावापर्यंत उतरत नसतील, तर त्यांत गॅमा मिसळले आहेत. एकेका कोनाला किमान ४०० नोंदी घ्या, म्हणजे चूक पाच टक्क्यांत राहील. ६० अंशांना त्यासाठी उभ्यापेक्षा चौपट वेळ द्यावा लागेल.